सावली पडू न देता

वर्गात शिकवलं होतं :
डिपर पंचेचाळीस अंशांत धरायचा,
पाण्यावर आपली सावली पडू द्यायची नाही.
पडली की अळ्या बुडी मारतात
आणि तक्त्यात शून्य भरलं जातं.
या प्रश्नाला मला पाचपैकी पाच होते.

अंबड लिंक रोडच्या मागच्या गल्लीत
पहिल्याच सकाळी
प्रत्येक पिंपावर माझी सावली पडली.
दोंदे काका रागावले नाहीत.
काठीनं जमिनीवर एक रेघ मारली,
म्हणाले, इथं थांब, ऊन तोंडावर घे.
मग दिसल्या,
डोकं खाली, शेपूट वर, तिरक्या लटकलेल्या,
कुणीतरी पाण्यात सांडलेले स्वल्पविराम.
वाक्य अजून संपलेलं नव्हतं,
आणि पुढचा शब्द ताप होता.

क्लोरीन पहाटेचं.
साडेपाचला नळ फुसफुसतो, आधी हवा येते, मग गढूळ,
मग पाणी.
काचेच्या नळीत थेंब टाकायचे आणि थांबायचं.
पिवळसर झालं, पातळ पन्ह्यासारखं, तर लिहायचं : आहे.
नाही झालं तर पुन्हा धुवायची नळी,
कारण आपल्या बोटांवरही भरवसा नाही.
गायखे मॅडम सांगायच्या,
रंग बघताना मागं पांढरा कागद धर गं,
आकाश धरू नकोस. ते रोज वेगळं असतं.

नाल्याकाठी नमुना घ्यायला गेलो तेव्हा
मी ओकले.
कागदावर नंदिनी,
नाकाला अजून नासर्डीच.
बाटलीवर तारीख, वेळ, ठिकाण.
ओकल्याची नोंद कुठंच नाही.

आणि मग निरभवण्यांचं घर.
दोनशे लिटरचा निळा पिंप, गळ्यापर्यंत भरलेला,
आत स्वल्पविरामच स्वल्पविराम.
माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं,
नियम पाठ होता,
मी पिंप आडवा केला.
पाणी गल्लीभर पळालं.
फरशीवर अळ्या वळवळून गप्प झाल्या.
वत्सलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी फक्त भिंतीवरचं घड्याळ बघितलं.
म्हणाल्या, आता परवा. चाळीस मिनिटं.

दोंदे काकांनी कानामागची बिडी काढली, पेटवली नाही.
ओतलंस ते बरोबर केलंस, म्हणाले,
आता भर.

कोपऱ्यावरच्या बोअरवेलपासून
अकरा खेपा.
हंडा कमरेवर टिकेना, डोक्यावर ठरेना,
तिसऱ्या खेपेला तळवे लाल,
सातव्याला ओळखपत्र भिजून उलटं झालं,
त्यावरचा माझा फोटो पाठ फिरवून बसला.
शेजारची पोरं मोजत होती मोठ्यानं.
नऊनंतर ती दमली आणि दोघं कळशी घेऊन आली.

बाईंनी पेटीतून ओढणी काढली,
लेकीच्या हळदीतली, जरीच्या काठाची.
दोन घड्या करून पिंपाच्या तोंडावर ताणली,
नायलॉनच्या दोरीनं अशी आवळली
की मला नखानंही सुटेना.
गुरुवारी नळ यायच्या आधी घासते, म्हणाल्या,
मला नाही, पिंपाला.

तक्त्यात रकाने होते :
दूषित, रिकामा केला, औषध टाकलं.
शेऱ्याच्या चिंचोळ्या जागेत मी लिहिलं : ओढणी.
गायखे मॅडमनी लाल पेन उचललं,
वाचलं,
आणि टोपण लावून ठेवून दिलं.

त्या आठवड्यात सिडकोतल्या खोलीवर
एक बाटली उरली होती,
उगाच आमच्याच नळाचं पाणी भरून खिडकीत ठेवली.
सकाळी काळी.
शाईसारखी, जराही संकोच न करता काळी.
खाली तिन्ही मैत्रिणी झोपलेल्या,
प्रत्येकीच्या उशाशी भरलेला तांब्या.

मी गच्चीवर गेले.
टाकीचं झाकण जड होतं, दोन्ही हातांनी सरकवलं.
ऊन कुठून येतंय ते बघितलं,
वळून उभी राहिले.
आत एक कबुतराचं पीस,
गोल गोल, अगदी सावकाश.